डाव्या हाताचा माउस

शबानानं काउंटरवर पाच माउस ओळीनं मांडले आणि मला म्हणाली, "कांचनताई, डोळे मिटा. उजवा हात मागं घ्या. डाव्या हातानं एकेक बघा. बोटं उचलायची नाहीत, हात नुसता टेकवायचा."

मी डोळे मिटले. पहिला माउस जड होता, ढकलावा लागत होता. दुसरा इतका चपटा, की तळव्याला आधारच लागेना. तिसरा उजव्या हाताच्या बेतानं वळवलेला. त्यावर डावा हात ठेवला की दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं व्हायचं. चौथ्याचं बटण दाबायला जोर लागत होता. पाचव्यावर हात ठेवला आणि तो तिथंच विसावला.

"हाच घ्या," शबाना म्हणाली. "दोन्ही बाजूंनी सारखा आहे. एकाच सेलवर चालतो म्हणून हलका. वायर नाही आणि क्लिकचा आवाजपण नाही."

मी तिला विचारलं, की आवाजच आला नाही तर बटण दाबलं गेलं हे अण्णांना कळणार कसं? त्यांचा सगळा जन्म टाइपरायटरच्या खडखडाटात गेलेला. 

"आवाजाच्या माउसला जोर लागतो," ती म्हणाली. "सरांच्या बोटात तेवढा आहे का?"

तेवढा नव्हता. मी पाचवा घेतला.

याला आता दहा वर्षं झाली. अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. गावातले किती तरी कारकून त्यांच्या हाताखालून गेले. शबाना मुल्लाही त्यांच्याकडेच शिकली, चाळिसाच्या स्पीडची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली, आणि टाइपरायटरचे दिवस सरले तेव्हा तिनं कॉम्प्युटरचं दुकान काढलं. रस्त्यात भेटले तर त्यांच्या पाया पडायची.

त्या वर्षी मार्चमध्ये अण्णांना झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. जीभ आणि घसाही गेला. अन्नसुद्धा नाकातल्या नळीनं. डावं मनगट आणि त्या हाताचं पहिलं बोट तेवढं थोडं हलायचं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की मेंदूचा विचार करणारा भाग चांगला आहे. त्यांना सगळं समजतंय, सगळं आठवतंय, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय.

आई सहा वर्षांपूर्वीच गेलेली. माझं सासर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. मी सकाळी आठला यायची ती संध्याकाळी आमचे हे येईपर्यंत थांबायची. अण्णांच्या पापण्या हलत होत्या, त्यामुळे एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पाणी देऊ? हो. पंखा लावू? नाही. पण मी विचारीन तेवढ्याचंच उत्तर मिळायचं. मला जे विचारायचं सुचत नव्हतं, ते आतच राहत होतं. कधी कधी ते माझ्याकडे असे बघत, की मी उठून स्वयंपाकघरात जायची.

माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली होती, तिचा जुना लॅपटॉप घरात होता. त्याच्या पडद्यावर की-बोर्ड आणता येतो, एकेका अक्षरावर बाण नेऊन दाबलं की लिहिता येतं, हे शबानानंच सांगितलं. आधी आम्ही लॅपटॉपवरच बोट फिरवून पाहिलं. अण्णांचं बोट उचललं जात नव्हतं, त्यामुळे भलतंच काहीतरी व्हायचं. मग वायरचा माउस आणला. त्याची वायर पलंगाच्या कठड्यात अडकायची, एकदा तर नळीतच गुंतली. म्हणून हा बिनवायरचा.

शबाना स्वतः घरी येऊन सगळं बसवून गेली. अण्णांच्या पोटापाशी उशी, उशीवर परीक्षेला नेतात ते पुठ्ठ्याचं पॅड, पॅडवर माउस आणि माउसवर अण्णांचा डावा हात. तिनं माउसची बटणं आपसात बदलली, बाणाचा वेग कमी केला, बाण मोठा आणि काळा केला. लॅपटॉप पलंगाच्या पायथ्याशी टेबलावर ठेवला. मग ती म्हणाली, "सर, घ्या."

बाण थरथरला. वाकडातिकडा जात 'श'पाशी पोचला. शबानाचं नाव लिहायला त्यांना बारा मिनिटं लागली. ती घड्याळ बघत होती; जाताना मला म्हणाली, की सर माझा स्पीड असाच मोजायचे.

पहिले दहा-बारा दिवस ते साधंच लिहीत. 'उशी खाली'. 'पेपर वाच'. एकदा 'कांचन जेवलीस का'. मी आनंदात असायला हवं होतं. पण त्या लिहिण्याला आवाज नव्हता, आणि त्याची मला भीती वाटायला लागली. मी भाजी चिरून बाहेर यायची तेव्हा अण्णा होते तसेच पडलेले, हात जागचा हललेला दिसायचा नाही, आणि त्यांच्यापासून पाच फुटांवर पडद्यावर एक नवा शब्द असायचा. मध्ये काहीच नाही. बाण मात्र हळूहळू सरकत असायचा, भिंतीवर पाल सरकते तसा.

तेराव्या दिवशी मी बाहेर आले तर पडद्यावर लिहिलेलं होतं : 'चि. सुकुमार'.

सुकुमार माझा धाकटा भाऊ. अठरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. दावणगेरेला एका छापखान्यात नोकरीला लागला, तिथंच लग्न केलं. आई होती तोवर तिला फोन करायचा. ती गेली तेव्हा आला, आणि स्मशानातूनच परत गेला.

तो का गेला, ते गावाला ठाऊक होतं. अण्णांची इन्स्टिट्यूट सरकारी टायपिंग परीक्षेचं केंद्र होती. सीलबंद पाकिटं दोन दिवस आधी यायची, अण्णांच्या कपाटात राहायची. त्या वर्षी परीक्षेच्या दिवशी एका मुलीच्या वहीत तपासनिसांना एक कागद सापडला. त्यावर परीक्षेतला उतारा जसाच्या तसा टाइप केलेला होता. कपाटाची किल्ली आदल्या दिवशी सुकुमारकडे होती. अण्णांनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि चाळीस विद्यार्थ्यांच्या समोर सुकुमारच्या थोबाडीत मारली. तपासनिसांना म्हणाले, "हे माझ्या मुलाचं काम आहे." तो एकोणीस वर्षांचा होता. केंद्र रद्द झालं. मुलीनं कुणाचं नाव घेतलं नाही. सुकुमारनंही 'मी नाही' याशिवाय काही म्हटलं नाही. आठवड्यानं तो गेला. त्यानंतर पाच दिवसांनी माझं लग्न होतं.

आता अण्णा त्याला पत्र लिहीत होते. दिवसाला एक ओळ, कधी दीड. मी संध्याकाळी ते सेव्ह करून लॅपटॉप बंद करायची.

पहिल्या दिवशी : 'चि. सुकुमार यास, तू ते केलं नव्हतंस.'

दुसऱ्या दिवशी : 'हे मला त्याच दिवशी माहीत होतं.'

मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. त्याच दिवशी. अण्णांकडे पाहायचा धीर झाला नाही. नळी साफ केली, चादर बदलली, त्यांच्या पाठीला पावडर लावली. त्यांचं अंग थंड होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही झालं नाही. मग बाण निघाला. मी त्यांच्या उशाशी उभी राहून वाचत होते, एकेक अक्षर उमटेल तसं. 'कागद पाहताच कळलं. डाव्या करंगळीची अक्षरं फिकट होती.'

माझी डावी करंगळी कच्ची आहे. लहानपणी दारात सापडली होती, तेव्हापासून तिच्यात जोर नाही. टायपिंग शिकताना तिच्याखालची अक्षरं कायम फिकट उठायची, आणि अण्णा माझा कागद उजेडात धरून त्या प्रत्येक अक्षराभोवती लाल गोल करायचे. वर्षभर तेच. शेवटी कंटाळून त्यांनी सोडून दिलं.

त्या मुलीचं नाव वैजयंता. माझी मैत्रीण. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा पास झाली तर तिला शाळेत क्लार्कची जागा मिळणार होती. ती मिळाली नाही तर वडील तिला एका बिजवराला देणार होते. ती माझ्यापाशी रडली. दुपारी इन्स्टिट्यूट बंद असताना मी सुकुमारच्या शर्टातून किल्ली काढली, पाकीट वाफेवर उघडलं, उतारा टाइप केला आणि पाकीट पुन्हा चिकटवलं. मला वाटलं होतं, ती पाठ करून कागद फाडून टाकेल.

सुकुमारच्या थोबाडीत बसली तेव्हा मी दारात उभी होते. तोंड उघडलं असतं तर माझं लग्न मोडलं असतं. मी उघडलं नाही. आणि अठरा वर्षं स्वतःला सांगत आले, की अण्णांना खरंच सुकुमारचा संशय आला, त्यात मी काय करणार.

आणि अण्णांनी मात्र कागद हातात घेतल्या घेतल्या माझी करंगळी ओळखली होती. चाळीस पोरांसमोर उभं राहून त्यांनी मनाशी निवड केली, आणि मग हात उचलला.

त्या संध्याकाळी पडद्यावर पुढची ओळ सुरू झाली होती. 'तो कागद टाइप केला'. एवढं लिहून ते थकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, त्यांचं तोंड पुसलं, आणि त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलेलं असताना माउस उचलून त्यातला सेल काढला. सेल परकराच्या खिशात ठेवला. मग त्यांना म्हणाले, की माउस बिघडलाय, शबानाकडे दुरुस्तीला टाकते. माउस मी कपाटावर ठेवला.

अण्णांनी पापण्या मिटल्या नाहीत. एकदाही नाही आणि दोनदाही नाही.

तीन दिवस गेले. रोज सकाळी ते रिकाम्या पॅडकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी सांगायची, शबाना कोल्हापूरला गेलीय, उद्या येईल. त्यांचं पहिलं बोट पॅडवर पडल्या पडल्या हलत असायचं. खाली माउस नसतानाही ते दाबत होते. एका जागी दाबायचे, थोडं सरकायचे, पुन्हा दाबायचे. ते काय लिहीत होते ते मला दिसत नव्हतं, पण ऐकू आल्यासारखं व्हायचं. त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शबाना आपण होऊन सरांना बघायला आली. तिनं कपाटावरचा माउस पाहिला, सवयीनं उचलला आणि उलटा केला.

"यात तर सेलच नाही, ताई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. काय समजायचं ते ती समजली असावी. पर्समधून नवा सेल काढला, बसवला, अण्णांचा हात उचलून माउसवर ठेवला. चहा न घेताच गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायची.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अण्णा, लिहा. मी नाही अडवणार."

बाण निघाला. पण तो अक्षरांकडे गेला नाही. अक्षर पुसायच्या बटणावर गेला. 'तो कागद टाइप केला' हे त्यांनी मागून पुढे, एकेक अक्षर करून पुसलं. मग करंगळीची ओळ पुसली. सूर्य मावळेपर्यंत ते पुसत होते आणि मग लिहीत होते. मी दिवा लावला तेव्हा पडद्यावर असं होतं :

'चि. सुकुमार यास, तू ते केलं नव्हतंस. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. बाकी कांचन सांगेल.'

सुकुमारच्या छापखान्याचा ई-मेल माझ्याकडे होता. त्यात एकही अक्षर न बदलता मी ते पाठवलं. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दारात रिक्षा थांबली.

तो जाड झाला होता, केस मागं हटले होते. चपला बाहेर काढून आत आला, अण्णांच्या पायांना हात लावला आणि खुर्ची ओढून बसला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता, म्हणून सुकुमारनं आपल्या रुमालानं पुसलं. तेवढ्यानं मला वाटलं, आता सगळं नीट होईल. मी त्याला पाणी दिलं. त्यानं पेला बाजूला ठेवला.

"अक्का, तू काय सांगणार आहेस?"

मी उभी होते ती उभ्यानंच सांगितलं. वैजयंता, किल्ली, वाफेवर उघडलेलं पाकीट, सगळं. लग्न मोडेल म्हणून गप्प राहिले हेही सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. माझं संपलं तेव्हा त्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मला वाटायचंच," तो म्हणाला. "किल्ली उजव्या खिशातून डाव्यात गेली होती. तू तेवीस वर्षांची होतीस, अक्का. घाबरलीस. मी ते कधीच मनात धरून बसलो नाही."

अठरा वर्षांचं ओझं असं दोन वाक्यांत उतरेल अशी कल्पनाच नव्हती.

पण तो अजून बोलत होता, आणि आता माझ्याशी नव्हे. तो अण्णांकडे वळला होता.

"मला वाटायचं, तुम्ही फसलात. किल्ली माझ्याकडे होती, तुमचा गैरसमज झाला. इतकी वर्षं त्याच्यावर काढली, अण्णा. माझ्या मुलांनासुद्धा हेच सांगितलं, की आजोबा सरळ माणूस, त्यांची चूक झाली. तुम्हाला खरंच त्याच दिवशी माहीत होतं? माहीत असताना मारलंत?"

तो अण्णांच्या पापण्यांकडे बघत होता. पत्रासोबत मी त्याला कळवलं होतं, एकदा हो, दोनदा नाही. अण्णांनी पापण्या हलवल्या नाहीत. उघड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत राहिले. त्यांचा हात माउसवर होता.

बऱ्याच वेळानं पडद्यावर 'हो' उमटलं.

सुकुमारनं वळून ते वाचलं. मग उठला, अण्णांची चादर छातीपर्यंत ओढून नीट केली, त्यांच्या पायांना पुन्हा हात लावला. मला म्हणाला, की दुपारची गाडी आहे. मी जेवून जा म्हटलं. नको म्हणाला. रिक्षा मिळेपर्यंत मी त्याच्यासोबत कोपऱ्यावर उभी होते. त्यानं माझ्या मुलीची चौकशी केली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मोठा भाऊ फिरवतो तसा.

अण्णा त्यानंतर एकोणीस दिवस होते. माउस मी रोज त्यांच्या हाताखाली ठेवायची. लॅपटॉप चालू करून समोर ठेवायची. बाण जिथल्या तिथं असायचा. काही लिहायचंय का विचारलं की पापण्या दोनदा मिटायच्या. ते गेले तेव्हा सुकुमारला कळवलं. तो आला, अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही थांबला. रीत सगळी पाळली. पण त्यांच्या फोटोपुढं उभं राहिलेला मी त्याला पाहिला नाही.

आता तो मला महिन्यातून एकदा फोन करतो. माझ्या गुडघ्यांची विचारपूस करतो, मुलीच्या लग्नात चार दिवस राबला. अण्णांचं नाव तो काढत नाही. मला त्यानं माफ केलं आणि त्यांना नाही. मीच सांगितलं म्हणून मी सुटले, आणि त्यानंतर एका प्रश्नाचं उत्तर तेवढं त्यांना द्यावं लागलं.

एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. त्यानं विचारलं तेव्हा तो अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होता, त्याची पाठ पडद्याकडे होती. पडद्याकडे मीच बघत होते. बाण आधी 'ह'कडे गेला नव्हता. तो 'न'वर गेला होता. 'न'वर जाऊन थांबला, थरथरत, आणि किती तरी वेळ तिथंच राहिला. त्यांच्या बोटाला दाबता येत नव्हतं असं नाही, मी ते बोट ओळखत होते. ते दाबायचं की नाही याचा विचार चालला होता. एक अक्षर दाबलं असतं, तर सुकुमारला त्याचा सरळ, चुकलेला बाप परत मिळाला असता.

मग बाण तिथून निघाला आणि पडदा ओलांडून 'ह'पाशी आला.